पुढे द्यावे

७८६
अहेरी
१२ जानेवारी २००४

चि. रईस यास नाहीद खालाचे सलाम व पुष्कळ दुवा. वि.वि.

तुझे पार्सल शुक्रवारी हाती आले. त्यातून निघाले ते असे: सीड्या तीन, तिन्हींवर तुझ्या हातचे आकडे. त्या कशा बसवायच्या ते लिहिलेले कागद चार. जोयासाठी निळ्या शाईचे पेन एक. आणि सीड्या फुटू नयेत म्हणून भोवती गुंडाळलेले तुझे जुने बनियन एक, ते धुऊन लादी पुसायला घेतले आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने इतके विरलेले बनियन घालू नये, नवीन आण. टपालाची तिकिटे बत्तीस रुपयांची होती, ती मी तुझ्या नावे मांडली आहेत. सीड्यांची किंमत तू लिहिली नाहीस. हा माल दुनियेत फुकट वाटतात असे म्हणतोस, पण माझ्या वहीत फुकट असा रकाना नाही.

तुझी अम्मी राजुऱ्याहून लिहिते की नाहीदच्या हट्टापायी पोरीचे नुकसान होत आहे. मलिका आपा माझी मोठी बहीण, तिला बोलण्याचा हक्क आहे. पण तू खरे काय ते ऐक आणि तिला सांग. गेल्या वर्षी जोया कॉम्प्युटरच्या शिक्षणाला लागली म्हणून आम्ही चंद्रपूरहून जुने मशीन घेतले. दुकानदाराने मशीनची पावती दिली. मी म्हटले, आत जे प्रोग्राम भरले आहेत त्यांचीही पावती द्या. तो हसायला लागला. म्हणाला, बाई, कॉपी मालाची कोणी पावती देते काय, सारा जिल्हा हेच चालवून राह्यला. चोरीचा माल आहे हे मला त्याच्याच तोंडून कळले, पण तोवर पैसे देऊन झाले होते. घरी आणले आणि वरून चादर टाकली. ज्या घरात पाच वेळा जानमाज अंथरला जातो तिथे चोरीच्या वस्तूवर मुलगी शिकणार नाही, एवढे मी ठरवले.

त्याचे असे झाले की जोयाला सरावासाठी फक्त कॉलेजचे मशीन उरले. तिथे चालू मशीन थोडे, मुले फार, आणि वीज जाते ती वेगळी. नोव्हेंबरच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक समोर उभे राहिले. ही पाठ केलेले सारे विसरली. नापास झाली. आता मार्चमध्ये दुसरी संधी आहे आणि तीच शेवटची. त्यातही गेली तर दुसऱ्या वर्षाला बसू देणार नाहीत. तिचे अब्बा म्हणतात की मग आपल्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात बसेल, सुया विकेल. ते हसत म्हणतात, पण जोया हसत नाही. त्या दिवसापासून ती मला एवढेच म्हणाली की चोरीची का होईना, पण घरी असती तर मी पास झाली असती. म्हणून तुला लिहिले होते, आणि तू शोधून पाठवलेस. अल्लाह तुला बरकत देवो.

काल रविवारी वीज बरी होती. दुपारच्या नमाजनंतर आम्ही दोघी बसलो. तुझे कागद मी मोठ्याने वाचायचे आणि जोयाने करायचे. आधीचे सगळे पुसून टाकायचे काय, असे मशीनने विचारले तेव्हा मी म्हटले, खुशाल पूस. तो माल घरातून गेला याचे मला फार बरे वाटले. मग पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकायला लागली. मी तसबीहचे मणी ओढत बसले. दुसरी सीडी मागितली, दिली. तिसरी मागितली, दिली. प्रोग्राम लिहिण्याचे पॅकेज तिसऱ्या सीडीत आहे असे तू लिहिले होतेस, तेही आत गेल्याचे दिसले. मशीन बंद होऊन आपोआप चालू झाले आणि एक इंग्रजी कागद पडद्यावर आला. खाली दोन गोल: एक मान्य आहे म्हणून, एक मान्य नाही म्हणून.

तिथे मी जोयाचा हात धरला.

तुझ्या नानांनी लाकूड कापायच्या आरा मशीनच्या भागीदारीत इंग्रजी कागदावर न वाचता सही केली होती. आरा मशीन कोणाकडे गेली ते तुझ्या अम्मीला विचार. तेव्हापासून आम्हा बहिणींच्या घरात वाचून ऐकवल्याशिवाय कशालाही हो म्हणत नाहीत. हा कागद लांबलचक आहे आणि त्यातले इंग्रजी माझ्या मॅट्रिकच्या पलीकडचे आहे. जोया म्हणते तिलाही अर्धेच कळते. म्हणते, अम्मी, साऱ्या दुनियेनं न वाचता हो म्हटलं, तुलेच काऊन वाचा लागते? तिचे अब्बा म्हणाले, हो म्हणून टाक, कॉम्प्युटर काय घर घेऊन पळून राह्यला? पण मी उठले नाही आणि तिला दाबूही दिले नाही.

तेव्हा आता अशी अवस्था आहे. जुने पुसले गेले, नवे उघडत नाही. मशीन चालू केले की तोच कागद समोर येतो. जोया काल जेवली नाही. तू तो कागद वाच आणि त्यात काय लिहिले आहे ते मराठीत लिहून पाठव. फोनवर सांगू नको, फोनवरचे हवेत जाते. लिहिलेले हातात राहते.

कळावे. खालावरचा जीव कमी करू नको.
तुझी खाला
नाहीद


पुणे
२० जानेवारी २००४

आदरणीय खालाजान यांस रईसचे सलाम वि.वि.

तुमचं पत्र वाचून आधी मी हसलो, हे कबूल करतो. इथे खोलीवरच्या मित्रांना वाचून दाखवलं तर तेही हसले. मग एकाने विचारलं की अरे, खरंच त्यात लिहिलंय तरी काय? आम्ही चौघं दिवसभर हेच काम करतो, हा कागद रोज कुठे ना कुठे समोर येतो आणि आमचं बोट आपोआप 'मान्य'वर जातं. वाचलेला एकही नाही. खालूंना सांगा, 'हो म्हणून टाक' ही त्यांची बाजू इथे चार विरुद्ध शून्य अशी होती, तरी जिंकल्या खालाच.

मग रविवारी बसून वाचला, आणि त्यात ज्या मुख्य परवान्याचा दाखला आहे तोही वाचला. कायद्याची भाषा आहे, रेल्वेच्या मालगाडीसारखी वाक्यं आहेत, डबे मोजता मोजता इंजिन विसरतं. पण सार सांगतो. एक समजून घ्या म्हणजे बाकीचं सोपं जाईल. प्रत्येक प्रोग्राम आधी माणसाला वाचता येईल अशा ओळींत लिहिलेला असतो. ती त्याची कृती, जशी तुमच्या शिरखुर्म्याची असते. विकणारे लोक शिरखुर्मा देतात, कृती कपाटात ठेवतात. हे लोक दोन्ही देतात. आता कागदात काय आहे ते शाळेच्या मराठीत लिहितो:

हे कोणीही, कोणत्याही कामासाठी वापरावे. त्याची कृती पाहावी, शिकावी, वाटल्यास बदलावी. ज्याने घेतले त्याने पुढे दुसऱ्यास द्यावे, आणि देताना कृतीही सोबत द्यावी. आपल्याला जे हक्क मिळाले तेच पुढच्यास द्यावेत, त्यात कमी करू नये. हे जसे आहे तसे आहे, बिघडल्यास बनवणाऱ्यास जबाबदार धरू नये.

एवढंच. यात घर, शेत, आरा मशीन, काहीही कुणाच्या नावावर होत नाही. ज्यांनी हे बनवलं ते हजारो लोक आहेत, वेगवेगळ्या देशांतले. कोणी प्रोफेसर, कोणी विद्यार्थी, कोणी दिवसभर दुसरी नोकरी करून फावल्या वेळात हे करणारे. जोयाला ओळखत नाहीत, मलाही नाहीत. तरी तिच्यासाठी करून ठेवलंय. तुम्ही चोरीचा माल पुसलात म्हणून मला हे शोधावं लागलं, आणि शोधलं म्हणून वाचावं लागलं. वाचून बरं वाटलं, खालाजान. मी रोज ज्यांच्या मिठावर जेवतो त्यांचं नावही मला माहीत नव्हतं, असं काहीसं वाटलं.

तेव्हा आता बिस्मिल्ला करा आणि हो म्हणा. जोयाला सांगा, माझ्यावर रागावली असेल तर तिच्या निळ्या पेनाने मला चार शिव्या लिहून पाठव, पण जेव.

अम्मीला मी लिहिलं आहे. नवीन बनियन घेतलं आहे. जुन्या बनियनाने लादी चांगली निघत असेल तर आणखी दोन पाठवतो.

आपल्या दुवेत मला जागा असू द्यावी.
आपला
रईस


७८६
अहेरी
८ फेब्रुवारी २००४

चि. रईस यास अनेक दुवा. वि.वि.

तुझे पत्र आले ते ईदच्या चार दिवस आधी. मी ते आधी मनात वाचले, मग जोयाच्या अब्बांना दुकानातून बोलावून त्यांच्यासमोर मोठ्याने वाचले. ऐकून ते म्हणाले, इतका भला कागद मी अजून कोणाचा पाहिला नाही, याच्यावर तर अंगठाही देतो. मग मी वजू केला, बिस्मिल्ला म्हटले आणि जोयाला मान्य म्हणायला सांगितले. कागद गेला आणि मशीन उघडले.

बेटा, त्या दिवशी माझ्या मनातून किती दुवा निघाल्या ते तुला काय सांगू. कोण कुठले लोक, कोणत्या मुलखाचे, कोणत्या दीनाचे, त्यांनी आपल्या पोरीच्या हातात हे दिले. जोयाने पहिला प्रोग्राम केला त्यात माझे नाव इंग्रजीत छापले. एकाखाली एक इतके नाहीद आले की मी म्हटले पुरे, वीज जळते. ती हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

पुढचा अडथळा दुसऱ्याच दिवशी आला. कॉलेजच्या वहीतला प्रोग्राम तिने जसाच्या तसा लिहिला तर आपले पॅकेज तो घेईना. एका ओळीवर अडून बसले. ती ओळ सरांच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये आहे. ती कशासाठी आहे ते हिला माहीत नाही. पाठ केली, एवढेच माहीत. त्या ओळीचे पुढे सांगते.

आता अटीबद्दल. तू लिहिलेस की ज्याने घेतले त्याने पुढे दुसऱ्यास द्यावे आणि देताना कृतीही सोबत द्यावी. मी मान्य म्हटले आहे, तेव्हा ते पाळणे आले. ईदचे दिवस होते, कुर्बानीचे हिस्से लावत असतानाच मला समजले की हेही तसेच आहे. गोश्त सगळे आपल्याच घरात शिजवून कोणी कुर्बानी झाली म्हणत नाही. म्हणून ईद झाल्यावर मी जोयाच्या वर्गात निरोप पाठवला की ज्या मुलींना हे पाहिजे त्यांनी यावे.

जोयाच्या वर्गातल्या कांताच्या भावाचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे सीड्यांच्या नकला निघतात. तिने तिन्ही सीड्या नेल्या आणि नकला काढून घेतल्या. तिचे झाले. पण वसतिगृहातल्या मुलींकडे मशीनच नाही. त्यांना सीडी देऊन काय, त्या तिच्यात पाहून वेणी घालतील? मी म्हटले, तुम्ही इथेच येऊन शिका. आणि कृती सोबत द्यायची अट आहे, म्हणून जोयाने त्यांना बसवून शिकवायचे, नुसते बघू द्यायचे नाही. कॉलेज सुटले की सहा जणी येतात. कांताही येते, घरी भाऊ मशीन सोडत नाही म्हणे. मी चहा अर्धा अर्धा कप करते.

त्यांच्यात एक दीपिका आहे. आलापल्लीच्या पलीकडे जंगलात तिचे गाव आहे. घरी गोंडी बोलतात. बाप सुकलू शेती करून तेंदूपत्ता तोडतो, माय सोमारी. घरी जाऊन आली की माझ्यासाठी लाखोळीची भाजी आणते. मुलगी बोलायला हळू आहे, पण प्रत्येक ओळीवर बोट ठेवून कारण विचारते, एकाच शब्दात, काऊन? ही ओळ काऊन? इथी हा आकडा काऊन? ती अडून बसलेली ओळ तिनेच विचारली. जोया म्हणाली, असतेच ती, सर लिहितात. दीपिका म्हणाली, सर काऊन लिहितात? जोयाला सांगता येईना. ती चिडली, उठून माजघरात आली आणि मला म्हणाली, अम्मी, ही पोरगी माझा जीव खाऊन राह्यली. मग पुस्तक घेऊन बसली. शेवटी कळले की ती ओळ फक्त पडदा कोरा करण्यासाठी आहे, आणि ती सरांच्या पॅकेजातच चालते, आपल्यात नाही. काढून टाकली तर प्रोग्राम पळायला लागला. इतके दिवस पोरी तिला देवासारखी पुजत होत्या.

पण बेटा, माझे मन स्वस्थ नाही. जोयाच्या वाट्याला मशीन येतच नाही. या सहा जणी उठल्या की स्वयंपाकाची वेळ होते, मग वीज जाते. काल ती रडली. म्हणाली, परीक्षा माझी हाय का साऱ्या वसतिगृहाची? त्या पहिल्या वेळी पास झाल्या, त्यांचं काही जात नाही. माझंच जाईल. तिचे म्हणणे खरे आहे. कांता सोडली तर बाकीच्या नोव्हेंबरातच सुटल्या आहेत, या फक्त पुढच्यासाठी शिकतात. तिचे अब्बा मला बाजूला घेऊन म्हणाले, तुझी अट आणि पोरीचे वर्ष, दोन्ही तराजूत टाक आणि काटा पाह्य. मी पाहिला. काटा मला दिसतो. पण एकदा मान्य म्हटले म्हणजे म्हटले. आपल्याला कोणी दिले, आपण दार लावले, मग उद्या परीक्षेच्या दिवशी मी कोणत्या तोंडाने दुवा मागू.

प्रॅक्टिकल ९ मार्चला आहे. तू तिच्यासाठी दुवा कर. आपा आता लिहिते की तुझे लग्न ठरवायचे आहे. मुलगी पाहताना तुझे बनियन दाखवू नको.

आमच्यावर मायेचा हात असाच राहू दे.
तुझी
नाहीद खाला


पुणे
१६ फेब्रुवारी २००४

आदरणीय खालाजान यांस सलाम वि.वि.

हे पत्र आधी जोयाला वाचू द्या. तुमच्या शेजारच्या पीसीओवर दोन वेळा फोन लावला, लाइन मेलेली आहे.

खालाजान, अशी काही अट नाही. चूक माझ्या मराठीची आहे. मूळ कागदात असं आहे की ज्याची इच्छा असेल तो पुढे देऊ शकतो, त्याला मोकळीक आहे. आणि दिलंच, तर कृती लपवू नये. न दिलं तरी कोणी विचारणार नाही. घरात ठेवून एकट्या जोयाने वापरलं तरी कागद मोडत नाही. मी 'द्यावे' लिहिलं ते 'खुशाल द्यावे' या अर्थाने, जसं आपण पाहुण्याला म्हणतो की जेवून जावे. तुम्ही ते 'घरपट्टी भरावी' असं वाचलंत. माझ्या शाळेच्या मराठीने जोयाचे एवढे दिवस खाल्ले, आणि मी इथे शहाणपणाने शिरखुर्मा समजावत बसलो होतो.

आणि कृती सोबत द्यावी म्हणजे शेजारी बसून शिकवावं असंही नाही. लिहिलेल्या ओळी दिल्या की झालं. हे तुम्ही तुमच्या मनाचं वाढवलंत. ते वाचून मी बराच वेळ कामाला लागलो नाही, पण ते नंतर कधी बोलू.

आता हात जोडून सांगतो. मुलींना परीक्षेनंतर या म्हणा. त्यांना वाईट वाटणार नाही. दुपारभर मशीन जोयाला द्या. चहाही वाचेल, हे तुम्हाला पटेल म्हणून लिहिलं.

जोया, वाचतेस ना? तुझा भाऊ गाढव आहे. अम्मीवर रागावू नकोस, माझ्यावर रागाव.

सगळ्यांना सलाम. आपली माया आहे म्हणून बरं चाललंय.
आपला
रईस


७८६
अहेरी
२९ मार्च २००४

चि. रईस यास नाहीद खालाचे सलाम व मनापासून दुवा. वि.वि.

आधी खबर सांगते, मग बाकीचे. जोया पास झाली. पन्नासात एकोणचाळीस. कॉलेजच्या फलकावर लागले तेव्हा ती घरी न सांगता आधी अब्बांच्या दुकानात गेली आणि सुयांच्या डब्यावर हात आपटून म्हणाली, आता या तुम्हीच विका. त्यांनी दुकान बंद केले आणि जिलेबी आणली. मी हिशोबात लिहिली नाही.

आता तुझ्या पत्राचे. ते आले तेव्हा मी नमाजला होते, म्हणून तुझ्या म्हणण्याप्रमाणे जोयानेच आधी वाचले. मी सलाम फेरला तर ती जानमाजच्या कडेला पत्र ठेवून बसली होती. मी वाचले. दोनदा वाचले. बेटा, कोणी मागितले नव्हते ते मी माझ्या पोरीकडून घेत होते. मी तिला म्हटले की चूक झाली, आता पोरी येतील तेव्हा तूच दारात जा आणि परीक्षेनंतर या म्हणून सांग. तुझ्या मनाचे कर, मी एक शब्द बोलणार नाही.

त्या आल्या. जोया दारापर्यंत गेली. मी आत कढईत फोडणी टाकून तशीच उभी राहिले, जळेपर्यंत. ती परत आली आणि मला म्हणाली, अम्मी, कालच्या काऊनचं उत्तर आज सकाळी सापडलं मले. तेवढं दीपिकाले सांगू दे. मग उद्यापासून बंद करतो.

ते उद्या काही आले नाही. मी विचारले तर म्हणाली की एकटी बसली तर मी नुसती पाठ करतो. ही समोर बसली तर मले समजा लागते. पण तिने आपला नियम केला. आधी तास दीड तास मशीन तिचे, कोणी बोलायचे नाही, पोरी वह्या घेऊन ओसरीवर बसायच्या. नंतर सगळ्या मिळून. दीपिकाला तिने शेजारची खुर्ची दिली आणि सांगितले की आता विचार किती विचारायचं ते, परीक्षक समजून विचार. ती पोरगीही काही कमी नाही. चष्मा नसताना चष्मा सावरल्यासारखे करून विचारायची. त्या हसण्यात माझी दुपारची झोप गेली.

९ तारखेला काय झाले ते जोयाने सांगितले तसे लिहिते. आकड्यांच्या रांगेतून दुसऱ्या नंबरचा मोठा आकडा काढा, असा प्रोग्राम आला. हा वहीत नव्हता. नोव्हेंबरात असते तर तिथेच संपले असते. आता मनात दीपिकाचा आवाज आला की आधी पहिला मोठा काऊन पाहिजे? मग एकेक ओळ आपसूक आली. परीक्षकांनी पाहिले. मग पडदा कोरा करायच्या ओळीवर बोट ठेवून विचारले की ही काढली तर काय होईल. ती म्हणाली, काही नाही सर, उत्तर तेच येईल, फक्त आधीचे लिहिलेले वर दिसत राहील. आमच्या घरच्या पॅकेजात ही ओळ चालतच नाही. त्यांनी विचारले घरी कोणते आहे. तिने सांगितले. ते बरं म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे गेले. एवढेच. पण बेटा, तिला ते एवढेच किती मोठे वाटले ते तिच्या तोंडावर पाहायला तू पाहिजे होतास.

कांता मात्र नापास झाली. तिचीही शेवटची संधी होती. नकला सगळ्यात आधी तिनेच नेल्या होत्या, पण स्टुडिओत लग्नाची गर्दी आणि आमच्याकडे चार दिवस येऊन आठ दिवस नाही. निकालाच्या दिवशी ती आमच्या ओसरीवर बसून राहिली. जोया तिच्याजवळ बसली. आता ती स्टुडिओत बसते आणि इथल्या मशीनवर शिकायला येऊ काय असे विचारून गेली आहे, परीक्षा नसली तरी. मी ये म्हटले. आपल्या आनंदात तिचे काटे टोचतात. ते तुला लिहिल्याशिवाय राहवले नाही.

तुझ्या चुकीबद्दल तू फार लिहिलेस. मी याच्यावर पुष्कळ विचार केला. तू बरोबर लिहिले असतेस तर मी सीड्या कपाटात ठेवल्या असत्या, दार लावून पोरीला बसवले असते, आणि ती पुन्हा सारे पाठ करून गेली असती. तेव्हा अल्लाहने तुझ्या मराठीत जे कमी ठेवले त्याचाही मी शुक्र करते. आपाला सांग की मराठी कच्ची असणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला हरकत नाही.

वहीचेही सांगते. सीड्यांची किंमत काय मांडायची म्हणून ती जागा मी इतके दिवस कोरी ठेवली होती. जोयाचे अब्बा म्हणतात शून्य लिही. शून्य लिहिले तर कोणी काही दिलेच नाही असे दिसते. म्हणून अजून कोरीच आहे आणि आता तशीच राहू देणार आहे.

मोहफुले पडायला लागली आहेत. दीपिकाच्या मायने मोहाचे लाडू पाठवले. मी आधी हात लावेना, मोह म्हटले की मला दुसरेच आठवते. दीपिका हसून म्हणाली, खाला, हे खायचे हाय, प्यायचे नाई. ती आता मला खाला म्हणते. लाडू चांगले होते. पुढच्या वर्षी जोयाला डेटाबेस नावाचा विषय आहे. त्याचेही असे पॅकेज असेल तर शोध, आणि या वेळी बनियन नको, वर्तमानपत्रात गुंडाळ.

एकच काम तुझ्यावर सोपवते. ज्यांनी हे बनवले त्यांचा पत्ता तू मला दिला नाहीस. हजारो आहेत असे म्हणतोस, पण त्यांच्यातल्या कोणा एकाला तरी पत्र पोहोचत असेल. त्यांना तुझ्या चांगल्या इंग्रजीत लिही की गडचिरोली जिल्ह्यात अहेरी नावाच्या गावी एक मुलगी पास झाली, आणि तिच्या आईचा त्यांना सलाम सांगावा. इथे सांगावा म्हणजे सांगितलाच पाहिजे, जेवून जावे तसे नाही. लिहिलेस की नाही ते उलट टपाली कळव. वाट पाहते.

तुझी
नाहीद खाला